अंतरपाटाअलीकडची शिकवणी

एकोणीसशे शहाण्णव साल, माझं वय छप्पन. चिकलठाण्याला एका लग्नात झाडाला भोंगे बांधून मी माझ्या मशीनपाशी खुर्ची टाकून बसलो होतो. नवरा-नवरी उभी राहिली, मध्ये अंतरपाट धरला, अन् नवरीच्या चुलत्यानं माईक हातात घेऊन मंगलाष्टक सुरू केलं. दुसऱ्या ओळीला माझे कान उभे राहिले. ओळ माझी होती.

ठोके जेथ पहार तेथ फुटतो पाताळगंगा-झरा

ही ओळ मी करमाडच्या एका विहिरी खोदणाऱ्यासाठी केली होती. त्या माणसानं जिथं पहार मारली तिथं पाणी लागलं, असा त्याचा लौकिक. त्याच्या पोरीच्या लग्नात त्याचं कौतुक व्हावं म्हणून ती बसवली. इथं नवरीचा बाप होता दवाखान्यातला कंपाउंडर. दिवसभर लोकांना सुया टोचायचा. त्याच्या नावानं ‘ठोके जेथ पहार तेथ फुटतो’ असं भोंग्यातून गेलं, तशी मांडवातली माणसं आधी एकमेकांकडं बघायला लागली, मग एक म्हातारा दंडाला हात लावून म्हणाला, “खरंय बाबा, मला फुटला व्हता.” तिथून पुढं कुणाला हसू आवरेना. कंपाउंडर अक्षता हातात घेऊन तसाच उभा.

कुणीतरी माझं मंगलाष्टक कानानं उचललं होतं, नावं बदलली होती अन् कामधंदा तेवढा बदलायचा राहिला होता. घरी आलो अन् शांताला, म्हणजे आमच्या मंडळीला, सांगितलं की आजपासून मंगलाष्टक करून देणं बंद. ज्याला पाहिजे त्यानं माझ्याकडं यावं, शिकावं अन् आपल्या पोरीचं आपण करावं.

शांता म्हणाली, “तुम्ही शिकवणार? किती शाळा झाली तुमची?”

आता शाळेचं सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याच्या मनात राहायला नको. माझी दुसरी उर्दूत झाली. मग पोलीस ॲक्शन झालं, राज्य बदललं. तिसरी मराठीत झाली. चौथी कुठंच झाली नाही. अलिफ-बेही अर्धं अन् बाराखडीही अर्धी, असा मी दोन्हीकडून शिकलेला माणूस. पण मला त्याची लाज कधी वाटली नाही, कारण मी कवी आहे हे मला शाळा सुटल्यावर कळलं.

ते कळलं भोंग्यामुळं. लाऊडस्पीकरवाल्याला लग्नात जेवायच्या पंगतीपर्यंत हलता येत नाही. मशीन गरम होतं, माईक शिट्टी मारतो, सारखा हात बटनावर ठेवावा लागतो. म्हणून माझ्याएवढी मंगलाष्टकं या शहरात कुण्या भटजीनंही ऐकली नसतील. मुसलमानांच्या शादीत जायचो तिथं सेहरा वाचायचे. दुल्ह्याची तारीफ, अन् त्यात चाचा, मामू, फूफा सगळ्यांची नावं ओवलेली. नाव आलं की तो माणूस बसल्या जागी जरा उंच व्हायचा. हे मी बघून ठेवलं. मग मीही करायला लागलो, अन् तात्या भोंगेवाल्याचा तात्या कवी झालो. म्हणजे भोंगे होतेच.

बाहेरच्या माणसाला हे काम सोपं वाटतं. मंगलाष्टक म्हणजे ठराविक चालीच्या चार ओळी, अन् चाल अशी की कुठं लांब म्हणायचं अन् कुठं तोडायचं ते आधीच ठरलेलं. मी बोटांवर मोजायचो. आमच्या वर्गातल्या कुलकर्णी बाईंनी पुढं सांगितलं की या चालीला शार्दूलविक्रीडित म्हणतात, म्हणजे वाघाचा खेळ. मी म्हणालो, बाई, खेळ येत होता, वाघाचं नाव ठाऊक नव्हतं. त्या चालीत देव बसवायचा, दोन्हीकडचं गाव बसवायचं, नवरा-नवरी बसवायची, अन् मुख्य म्हणजे नातेवाईक बसवायचे. नातेवाईक फार अवघड. सुदाम कुठंही बसतो. चंद्रकांत जरा रेलून बसतो. पण ज्ञानोबाराव आला की दुसऱ्या कुणालातरी उठवावं लागतं.

एकदा मी एका मामाला उठवलं. वरूडच्या लग्नात ओळ भरली होती, मामाचं नाव शिल्लक राहिलं. आता आपल्याकडं नवरीला मांडवात आणतो मामा. पहिलं मंगलाष्टक झालं, मामाला दिसलं की आत्याच्या दिराचंसुद्धा नाव आलं अन् आपलं नाही. मामा जाऊन लिंबाखाली बसला. नवरी घरात, नवरदेव पाटावर, भटजी घड्याळाकडं बघतोय. मी मशीन सोडून लिंबाखाली गेलो.

“मामा, चला की.”

“भाची आणतो. आधी माझं नाव माईकवर येऊ दे.”

“चालीत बसत नाय तुमचं नाव.”

“मग मीबी बसलोय. तू उठव.”

तिथल्या तिथं, चपला हातात घेऊन पळत पळत, मी मामाच्या नावाची वेगळी ओळ केली अन् माईकवर म्हटली. मामा उठला, फेटा नीट केला अन् भाचीला घेऊन असा आला जसं काय सगळं लग्न त्याचंच. तेव्हापासून मी आधी मामा बसवतो, देव नंतर.

तर वर्गाचं. उस्मानपुऱ्यात माझी भोंगे ठेवायची खोली होती. भोंगे एका भिंतीला लावले अन् सतरंजी टाकली. दर रविवारी सकाळी वर्ग. फी म्हणून लग्न झाल्यावर एक नारळ आणायचा, तोही लग्न नीट लागलं तरच. पहिल्या रविवारी दोन माणसं आली, चौथ्या रविवारी दारात चपलांना जागा उरली नाही. पोरीच्या आया, भावाच्या लग्नासाठी आलेले भाऊ, एक रिटायर पोस्टमन, एक रिक्षावाला. कुलकर्णी बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. नातीसाठी मंगलाष्टक करायला आल्या अन् नातीचं लग्न होऊन गेलं तरी येतच राहिल्या. फळ्यावर त्या लिहायच्या, कारण मला एक ओळ लिहायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात लोक घरी जाऊन जेवून येतील.

मी शिकवायचं काय हे मला तरी कुठं माहीत होतं. पण कंपाउंडरचं लग्न डोक्यात होतं. म्हणून पहिला नियम केला. ओळ केली की तिच्यात दुसऱ्या पोरीचं नाव घालून बघायचं. दुसरीलाही बसली तर ती ओळ आपल्या पोरीची नाही, खोडायची. दुसरी पोरगी म्हणून आम्ही एक नाव ठरवलं, शोभा. अशी कुणी शोभा नव्हती. कुणी म्हणायचं, “कन्या ही जणु चांदणी उगवली,” अन् सगळा वर्ग एका आवाजात म्हणायचा, “शोभाला चालंल.” कुणी म्हणायचं, सुगुणी, सुशील, सालस. “शोभाला चालंल.” त्या शोभाचं नशीब बघा. दर रविवारी शहरातला सगळा चंद्र, सगळी फुलं अन् सगळे सद्‌गुण तिच्या अंगावर पडायचे.

एकदा बाहेरगावचे एक सर वर्ग बघायला आले. पूर्ण वेळ मागं बसले, नातवाच्या मुंजीला उपयोगी पडंल म्हणून दोन ओळीही केल्या. जाताना म्हणाले, “तात्या, तुम्ही जे करता त्याला सर्जनशील लेखनाचं अध्यापन म्हणतात. परदेशात त्याच्या पदव्या असतात.” मी ते नाव घरी सांगितलं. शांता म्हणाली, “त्या नावानं तुम्ही भाजी आणायला वेळेवर जाल का?” सरांच्या दोन्ही ओळी शोभाला चालणाऱ्या होत्या, पण माणूस मनमोकळा. सगळ्यांबरोबर तेही मोठ्यानं ओरडले.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं त्या माणसाचं सांगतो.

धोंडिराम वाघ. मुकुंदवाडीजवळच्या रेल्वे फाटकावर गेटमन. उंच, वाळलेला, मिशा पांढऱ्या, अन् बोलणं असं तोडकं की जणू शब्दाला दंड पडतो. वर्गात आला अन् दारातच उभा राहून म्हणाला, “मंगलाष्टक शिकायचंय. पोरीचं लगीन हाये. म्हणणार मी सोता.”

मी म्हणालो, “बसा. पोरीचं नाव?”

“सारजा.”

“कशी आहे सारजा?”

तो सतरंजीच्या कडेला टेकला. मग म्हणाला, “बरी हाये.”

पुढच्या रविवारी ओळ घेऊन आला. पोरगी म्हणजे अंगणातली तुळस. वर्ग म्हणाला, शोभाला चालंल. त्याच्या पुढच्या रविवारी पोरगी म्हणजे लक्ष्मीचं पाऊल. शोभाला चालंल. तिसऱ्यांदा पोरगी दोन्ही घरचा दिवा झाली. वर्गानं तोंड उघडायच्या आत धोंडिरामच उठला. “चालंल, चालंल, त्या शोभाला समदं चालतंय. लावून टाका तिचंच लगीन.” अन् चपला घालून चालता झाला.

मीही हट्टी माणूस आहे. वर्ग सोडून त्याच्यामागं गेलो अन् कोपऱ्यावरच्या हॉटेलात त्याला गाठलं. दोन चहा सांगितले.

“धोंडिराम, तुम्हाला पोरीविषयी एक गोष्ट सांगता येत नाय. घरात राहती ना ती?”

“राहती.”

“मग?”

“मी बोलत नसतोय तिच्याशी. साल झालं.”

मग हळूहळू निघालं. बदनापूरला त्याची बहीण. तिच्या पोराला सारजा द्यायची, हे सारजा पाळण्यात असल्यापासून ठरलेलं. पोरगी मोठी झाली, नर्सिंगचा कोर्स केला अन् म्हणाली, आत्याच्या घरी जाणार नाही, त्या पोराला मी भाऊच मानलाय. बहीण रडत बदनापूरला गेली ती परत आली नाही. त्या दिवशी धोंडिरामनं आमच्या शहराजवळच्या सातारा गावातल्या खंडोबाची आण घेतली, या पोरीशी मी बोलणार नाही. तेव्हापासून घरात कारभार असा, की सारजा समोर बसलेली असली तरी हा बायकोला सांगणार, “तुझ्या पोरीला म्हणावं, कंदिलाची काच पुसून ठेव.” बायको घरात नसली तर भिंतीला सांगणार. सारजाही त्याचीच पोर. तीही भिंतीला उत्तर द्यायची.

पुढं सारजाचं लग्न जालन्याच्या मुलाशी ठरलं. मुलगा दवाखान्यातच कामाला होता, चांगला होता, धोंडिरामनं नाही म्हटलं नाही. हो म्हटलं तेही भिंतीलाच.

“अन् आता जाईल ती,” धोंडिराम म्हणाला. चहावर साय धरली होती. “न बोलता गेली तर मग काय? सासरी जाऊन भिंत कुठली आणू मी?”

“मग बोला की.”

“आण घेतलीय. देवाची हाये.”

“अन् मंगलाष्टक?”

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघितलं. “ते बोलणं नव्हं. ते म्हणणं हाये. आण बोलायची घेतलीय, म्हणायची नाय.”

मी कप खाली ठेवला. या माणसानं देवाला चुकवून जायला एक वाट शोधली होती, अन् ती वाट माझ्या खोलीतून जात होती. मला भारी अभिमान वाटला. मी म्हणालो, “मग ओळ पक्की पाहिजे. देवानं ऐकली तर त्यालाही वाटलं पाहिजे, आपली आण गेली तर गेली.”

“तूच दे की करून.”

“करून देत नाय.”

“एवढं सांगूनबी?”

“एवढं सांगितलं म्हणूनच.”

तो उठून गेला. शांतानं मला त्या दिवशी दुपारचं जेवण वाढताना दोनदा दगड म्हटलं. मला झोंबलं, पण मी काही बदललो नाही. माझी ओळ घेऊन तो उभा राहिला असता तर पोरीनं ओळखलं असतं, की बापाचं तोंड आहे अन् तात्याची ओळ आहे. सालभर वाट बघून तिला परत भिंतच मिळाली असती.

लग्नाच्या आधीच्या रविवारी धोंडिराम परत आला. हातात काही नाही. मागं बसला. वर्ग संपत आला तेव्हा कुलकर्णी बाईंनी फळ्याकडं तोंड ठेवूनच विचारलं, “धोंडिरामभाऊ, सारजा लहान असताना तुमचं भांडण कशावरून व्हायचं हो?”

“डब्यावरून,” तो लगेच म्हणाला.

“जेवणाच्या?”

“मालगाडीच्या.”

अन् मग त्या माणसाला वाचा फुटली. पोरगी फाटकावर त्याचं जेवण घेऊन यायची अन् तिथंच बसायची. मालगाडी आली की दोघं डबे मोजायचे. मोठमोठ्यानं नाही, मनात. गाडी गेली की आकडा सांगायचा. याचा आकडा नेहमी एकानं कमी अन् तिचा एकानं जास्त. कारण हा शेवटचा गार्डाचा डबा धरायचा नाही अन् ती धरायची.

“कसा धरणार?” धोंडिराम आम्हाला विचारायला लागला. “त्यात माल असतो का? नाय. गार्ड असतो, त्याचा झेंडा असतो, त्याची पेटी असती. मग ती मालगाडीचा डबा कसा?”

रिक्षावाला म्हणाला, “पण चाकं हायेत ना त्याला?”

“हेच,” धोंडिराम ओरडला, “हेच म्हणायची ती. चाकं हायेत म्हणून डबा. अरे, चाकं तर हातगाडीलाबी असतेत.”

पोस्टमन म्हणाले, डबा धरायचा. एक बाई म्हणाली, धरायचा नाही, नवरदेवाच्या वरातीत बँडवाले मोजतो का आपण? अर्धा तास वर्ग त्यावर भांडला. धोंडिराम एकटा सगळ्यांशी. गाल लाल झाले होते त्याचे. एका बेचाळीस डब्यांच्या गाडीवरून म्हणे बाप-लेक दोन दिवस भांडली होती, आईनं मध्ये पडून शेवटी दोघांचं जेवण बंद केलं तेव्हा थांबली.

सगळे दमल्यावर मी म्हणालो, “आता कुणी शोभाचं नाव घ्या.”

कुणी घेतलं नाही. धोंडिरामच बावरला. “काय झालं?” त्यानं विचारलं.

मी म्हणालो, “फळ्यापाशी या.”

त्या दिवशी आम्ही ओळी बसवल्या. त्यानं बोलायचं, मी बोटं मोजायची, बाईंनी लिहायचं. शब्द एकही मी दिला नाही. मी फक्त म्हणायचो, इथं आखूड होतंय, इथं लांब. पहिल्या दोन ओळी अशा झाल्या,

बाजूला बसुनी डबे मजसवे मोजायची सारजा,
बेचाळीस म्हणे पिता, हटत ना, मागील डब्बा वजा.

तिसरी ओळ सासरच्या सुखाची होती. ती शोभालाही चालली असती, पण एखादी असू द्यावी लागते, सासरचे लोकही ऐकत असतात. चौथ्या ओळीला धोंडिराम अडला. मग खाली बघून म्हणाला, “लिहा,”

त्रेचाळीस म्हणे, तरी कबुल हे, कुर्यात् सदा मंगलम्.

बाईंनी खडू ठेवला अन् पदरानं चष्मा पुसला. मी म्हणालो, “धोंडिराम, विचार करा. हे माईकवर जाईल. एवढ्या वर्षांचा आकडा सोडताय.”

“पोरगी चाललीय,” तो म्हणाला. “एक डबा गेला तर जाऊ दे.”

लग्न शनिवारी, मुकुंदवाडीला. भोंगे माझेच. धोंडिराम सकाळपासून मांडवात फिरत होता अन् ओठ हलत होते. बदनापूरची बहीण आली होती, पण आल्यापासून मागच्या रांगेत तोंड फिरवून बसलेली. सुभद्राबाई, धोंडिरामची बायको, मला येऊन म्हणाली, “तात्या, ह्यांला काय झालंय? रात्रीपासून देवाचं नाव घेतल्यासारखं पुटपुटतेत.” मी म्हणालो, “वहिनी, अक्षता हातात ठेवा.”

अंतरपाट धरला. मामानं सारजाला आणलं. पहिली दोन-तीन मंगलाष्टकं झाली, चांदणी उगवली, तुळस डोलली, सगळं झालं. भटजींनी माझ्याकडं खूण केली, वेळ होत आली, आटपा. मी उठून माईक धोंडिरामच्या हातात दिला.

लोकांना वाटलं बाप आभार मानणार. धोंडिरामनं डोळे मिटले अन् सुरुवात केली. आवाज चांगला नव्हता. फाटकावर उभं राहून बैलगाड्या थांबवणाऱ्याचा तो आवाज. पण चाल धरली होती. ‘मोजायची सारजा’ म्हटलं तशी सुभद्राबाईनं तोंडाला पदर लावला. मग दुसरी ओळ. बेचाळीस म्हणे पिता, हटत ना, मागील डब्बा वजा.

अन् अंतरपाटाच्या पलीकडून आवाज आला, “त्रेचाळीस.”

नवरी मंगलाष्टकात बोलत नसते. मान खाली घालून, हातात हार घेऊन उभी असते. मला वाटलं भास झाला. पण माईक जवळ होता, अन् माझे भोंगे चांगले होते. ‘त्रेचाळीस’ मुकुंदवाडीच्या पार टोकापर्यंत गेलं.

धोंडिरामनं डोळे उघडले. तिसरी ओळ होती, चौथी ओळ होती, चौथीत कबुली होती. सगळं पाठ होतं. पण तो माणूस आता भांडणात उतरला होता.

“गार्डाचा डबा धरत नसतेत,” तो माईकमध्ये म्हणाला.

“चाकं हायेत की त्याला, अण्णा.”

“चाकं हातगाडीलाबी असतेत.”

“हातगाडी रुळावर चालती का?”

मांडवात कुणी हलेना. भटजी अंतरपाट धरून उभे, नवरदेव पडद्यावरून डोकावून बघतोय की आपण कुणाच्या घरात पडलो. माझा हात बटनावर होता. असल्या वेळी माईक बंद करायचा असतो, ते मला भोंगेवाला म्हणून शिकवलेलं आहे. मी आवाज वाढवला.

“माल असतो का त्यात?” धोंडिराम म्हणाला. अन् तिथं त्याचं त्यालाच ध्यानात आलं. माईक तोंडापासून खाली आला. सुभद्राबाई हसत होती का रडत होती कळेना. ती म्हणाली, “बोलले गं बाई, बोलले.”

तेवढ्यात मागच्या रांगेतून बदनापूरची आत्या उभी राहिली. सगळ्यांना वाटलं आता वाद होतो. आत्या म्हणाली, “धोंड्या, पोरगी बरोबर बोलती. डबा धरतेत.”

मग मात्र मांडव फुटला. माणसं पोट धरून हसत होती. अंतरपाट हलायला लागला, कारण तो धरणारेही हसत होते. भटजींना मुहूर्ताची आठवण झाली, त्यांनी एका श्वासात ‘शुभमंगल सावधान’ म्हटलं अन् अक्षता अशा पडल्या की माझ्या मशीनच्या आत गेल्या. ते मशीन पुढं कितीतरी दिवस हलवलं की खुळखुळायचं.

अंतरपाट खाली आला. सारजानं आधी नवऱ्याकडं नाही, बापाकडं बघितलं. हार नंतर घातला. जालन्याच्या लोकांना काय वाटलं असंल ते वाटो, त्यांच्या पोराला तेव्हापासून माहीत आहे की आपल्याला काय पोरगी मिळाली.

जेवणं झाल्यावर धोंडिराम माझ्यापाशी आला. पत्रावळीवरची बुंदी हातात घेऊन उभा राहिला.

“आण मोडली की, तात्या.”

“मोडली.”

“आता साताऱ्याला जाऊन भंडारा उधळावा लागंल. खंडोबाला काय सांगू?”

“सांगा, पोरीनं सुरुवात केली.”

त्याला ते पटलं. थोडा वेळ बुंदी खाल्ली. मग मिशीत हसला. “पण एक बरं झालं. चौथी ओळ म्हणायची राहिली. कबुली द्यायची वाचली.”

मी आयुष्यात लई ओळी बसवल्या, लई लोकांना बसवायला लावल्या. त्यातली सगळ्यात चांगली ओळ ही, जी माईकवर आलीच नाही. मला तिचं थोडं वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू. अशी ओळ कवीला रोज मिळत नसते. पण पोरीला ती ऐकायची गरज पडली नाही, तर आम्ही तरी काय करणार. धोंडिराम अन् सारजा पुढं दर दिवाळीला भेटून भांडत राहिले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी लोक उस्मानपुऱ्याला आले तर खोलीला कुलूप, अन् दारात मी टेम्पो घेऊन उभा. भोंगे उतरवून आणलेला तोच टेम्पो. कुलकर्णी बाईंना पुढं बसवलं, बाकीच्यांना मागं, अन् सगळा वर्ग मुकुंदवाडीच्या फाटकावर नेला. रुळाच्या कडेला सतरंजी टाकली. धोंडिराम ड्युटीवर होता. तो झेंडा घेऊन उभा राहिला. बऱ्याच वेळानं मालगाडी आली. मी सांगितलं, मोजा, मनात मोजा. गाडी गेली तेव्हा प्रत्येकाला आकडा विचारला. गार्डाच्या डब्याचं सोडाच, कुणाचाच आकडा कुणाशी जुळेना. रिक्षावाला पोस्टमनवर चिडला, पोस्टमन बाईंवर, अन् बाई, ज्यांनी साऱ्या जन्मात कुणाला ‘अरे’ म्हटलं नव्हतं, त्या मला म्हणाल्या, “तात्या, तुम्ही डोळे मिटले होते.” मी सतरंजीवर आडवा झालो अन् त्यांना भांडू दिलं.